अंगणातल्या दूर्वा आणि नोव्हेंबरचं वादळ

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका नव्या उपनगरातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३४, माहेर सांगलीचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षांपूर्वी त्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पहिली तीन वर्षं काहीच त्रास नव्हता. चौथ्या वर्षापासून मात्र ऑक्टोबर लागला की शिंकांचा सपाटा, नाक गळणं, डोळ्यांची आग. गेल्या नोव्हेंबरात रात्री खोकलाही येत होता आणि छाती आवळल्यासारखी वाटत होती. सहा वर्षांची लेकही आता डोळे चोळायला लागली आहे. कर्ज काढून घेतलेल्या घराच्या कुंपणापलीकडे गवताचं मोकळं माळरान आहे. हवामान बदलामुळे परागकण वर्षागणिक वाढत जाणार, हे वाचल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, मागचं लॉन उखडून काँक्रीट घालू, नाहीतर घर विकून ब्रिस्बेनला जाऊ. सासूबाईंनी त्याच लॉनच्या कोपऱ्यात गणपतीसाठी दूर्वा राखल्या आहेत, त्या यामुळे दुखावल्या आहेत. त्यांच्या मते ही साधी सर्दी आहे, काढा घ्यावा, नाकात स्टेरॉइडचे फवारे मारायची सवय लावून घेऊ नये. आई फोनवर म्हणते, 'सगळं सोडून परत या.' पत्राचा शेवट असा आहे: 'चुकीच्या जागी घर घेऊन मी मुलीचं कायमचं नुकसान केलं का?'

प्रिय मैत्रीण,

घर, लॉन आणि ब्रिस्बेन यांवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि रात्रीच्या खोकल्यावर एकच ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं वर्षभर थांबू शकतं. ती ओळ थांबू शकत नाही.

शिंका आणि डोळ्यांची खाज हा 'हे फीवर' झाला, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने नाकाडोळ्यांना होणारा त्रास. पण रात्री खोकल्याने जाग येणं, छाती आवळणं, श्वास सोडताना सुं सुं आवाज येणं ही दम्याची लक्षणं असू शकतात. याच आठवड्यात तुमच्या जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि 'हे फीवरची गोळी द्या' असं न म्हणता 'मला दमा आहे का, ते तपासा' असं म्हणा. तिथे तुमच्याकडे आता हिवाळा आहे, इथे आमच्याकडे आषाढ कोसळतोय. हिवाळ्यात बरं वाटतं म्हणून ही भेट पुढे ढकलली जाते आणि मग ऑक्टोबर दाराशी येतो. तसं होऊ देऊ नका.

मी इतक्या घाईने का सांगते, ते तुम्ही मेलबर्नला राहता म्हणून. २१ नोव्हेंबर २०१६ ला तुमच्या शहरात जे झालं ते तुम्ही तिथे पोचण्याआधीचं, म्हणून कदाचित नीट ऐकलेलं नसेल. दिवसभर पस्तिशीचं ऊन होतं, उत्तरेचा गरम वारा होता, हवेत गवताचे परागकण गच्च भरलेले होते. संध्याकाळी गडगडाटी वादळ शहरावरून सरकलं आणि पारा झपकन उतरला. त्यानंतरच्या तीस तासांत सरकारी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा सुमारे ३,४०० जास्त माणसं आली. दहा जणांचा जीव गेला. नंतर रुग्णांना विचारलं तेव्हा कळलं की बहुतेकांना हे फीवर होता, पण डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेले तिघांत एकही भरत नव्हते. आणि त्यांत भारतीय आणि आशियाई वंशाच्या माणसांचं प्रमाण शहराच्या लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होतं.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. सासूबाई ज्याला सर्दी म्हणतात आणि तुम्हीही मनातून जिला 'थोडा त्रास' म्हणता, ती त्या संध्याकाळी कितीतरी घरांत तेवढ्यावर थांबली नाही, म्हणून लिहिते.

ते घडलं कसं, तेही समजून घ्या, कारण पुढचे उपाय त्यातूनच निघतात. राय गवत म्हणजे तिथल्या कुरणांत वाढणारं चाऱ्याचं गवत. त्याचा एक परागकण साधारण केसाच्या निम्म्या जाडीचा असतो. एवढा मोठा कण नाकातच अडकतो, फुप्फुसापर्यंत उतरत नाही. म्हणून एरवी नुसत्या शिंका येतात. पण वादळाच्या दमट हवेत तो पाणी पितो, फुगतो आणि फुटतो. मेलबर्नच्याच संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की एका कणातून पिष्टाचे (स्टार्चचे) सुमारे सातशे बारीक दाणे बाहेर पडतात आणि त्यांच्यावर ॲलर्जी आणणारं प्रथिन असतं. हे दाणे इतके सूक्ष्म की ते थेट छातीत जातात. वादळाच्या तोंडाशी जो गार वाऱ्याचा झोत येतो, तो ही पूड जमिनीलगत आणून सोडतो.

आता आपल्या सवयीचा विचार करा. वळवाचा पहिला गार वारा सुटला की आपण काय करतो? खिडक्या उघडतो, गॅलरीत जातो, मातीचा वास छाती भरून घेतो. सांगलीत वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. नोव्हेंबरातल्या मेलबर्नमध्ये मात्र नेमकं हेच करायचं नाही. पाऊस पडायच्या आधीचा तो झोतच वाईट. आभाळ गडद झालं की सगळ्यांनी घरात यायचं आणि खिडक्या लावायच्या. तुमच्या भागातल्या पुष्कळ घरांत बाहेरची हवा पाण्यातून आत खेचणारा कूलर असतो. तसा असेल तर तो बंद करायचा, नाहीतर खिडक्या लावून काही उपयोग नाही. गाडीत असाल तर आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं.

आता हवामान बदलाकडे येते. तुम्ही वाचलेलं खोटं नाही. झाडं कार्बन डायऑक्साइडवर जगतात. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. अमेरिकेत रॅगवीड नावाच्या तणावर एक प्रयोग झाला. जुन्या काळी होती तेवढ्या कार्बनच्या हवेत आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या हवेत ते वाढवून पाहिलं, तर दुसऱ्या हवेत परागकण दुपटीहून जास्त निघाले. उत्तर अमेरिकेतल्या १९९० ते २०१८ च्या नोंदी सांगतात की परागकणांचा हंगाम साधारण वीस दिवस आधी सुरू व्हायला लागला आणि परागकण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. त्यामागे तापमानवाढीचा मोठा हात आहे.

पण या आकड्यांवरून तुम्ही दोन निष्कर्ष काढलेत आणि ते दोन्ही मला पटत नाहीत.

पहिला असा की, तुमचा त्रास चौथ्या वर्षी सुरू झाला, म्हणजे त्या वर्षी हवा बिघडली. बदल हवेत नाही, तुमच्या शरीरात झाला असण्याचीच शक्यता जास्त. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. नवीन परागकण शरीराला दोनचार हंगाम भेटावे लागतात, मग कधीतरी शरीर त्यांना शत्रू ठरवतं. आशियातून मेलबर्नला आलेल्या लोकांवर नव्वदच्या दशकातच अभ्यास झाला होता आणि त्यात दिसलं होतं की तिथला मुक्काम जसा लांबतो तसं हे फीवरचं प्रमाण वाढतं. म्हणजे तुमची पहिली तीन वर्षं सुखाची गेली आणि चौथं नाही, हे तिथल्या कित्येक आपल्या घरांतलं नेहमीचं चित्र आहे. तुमच्या ओळखीत चौकशी करा, अर्ध्या जणी हेच सांगतील.

दुसरा निष्कर्ष असा की, दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा वाईट होणार. मेलबर्नचा गवताचा हंगाम असा पायऱ्या चढत जात नाही. हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस चांगला झाला की शहराच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कुरणांत राय गवत कमरेपर्यंत वाढतं आणि नोव्हेंबर जड जातो. वसंत कोरडा गेला की गवत लवकर पिवळं पडतं आणि हंगाम हलका जातो. दूरच्या काळाची दिशा काळजीची आहे, हे मी मान्य करते आणि मला त्याची मनापासून चिंता वाटते. कार्बन कमी झाला पाहिजे, हे काम आपल्या पिढीचं आहे. पण येत्या ऑक्टोबरात तुमच्या लेकीने कसं असावं, हे त्या दूरच्या दिशेपेक्षा तुम्ही सप्टेंबरात काय करता, यावर कितीतरी जास्त अवलंबून आहे.

राहता राहिलं ते लॉन. नवऱ्याला सांगा, फावडं ठेवून द्या. सासूबाईंच्या दूर्वा म्हणजे आपली हरळी, आणि तिथली माणसं 'काउच' म्हणून जे गवत लॉनभर लावतात तेही तेच. हरळीच्या परागकणांचीही काहींना ॲलर्जी असते, हे खरं. पण गवत तुऱ्यावर आलं तरच परागकण सोडतं. आणि दूर्वा म्हणून आपण काय खुडतो? कोवळे तीन पात्यांचे शेंडे. नेमाने खुडलेल्या किंवा कापलेल्या हरळीला तुरा धरायला फारशी सवड मिळत नाही. तुमचा त्रास ऑक्टोबर ते डिसेंबरच्या राय गवताचा दिसतो. ते युरोपीय वसाहतवाल्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी आणलं आणि त्याचे परागकण उत्तरेच्या वाऱ्यावर कित्येक किलोमीटर प्रवास करून तुमच्या दारात येतात. अंगणात काँक्रीट घातल्याने ते अडणार नाहीत. उन्हाळ्यात अंगण मात्र तव्यासारखं तापेल.

कुंपणालगत राय गवत कसं ओळखायचं तेही सांगते. त्याचा तुरा चपटा असतो. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी चिकटून, आळीपाळीने बसलेली छोटी कणसं दिसतात, जणू वेणी घालताना मधेच सोडून दिली आहे. असं गवत कुंपणाच्या आत दिसलं तर तुरा यायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच कापून टाका. कापायचं काम तुम्ही करू नका, नवऱ्याला द्या. त्यांना फावडं हवंच होतं, त्यापेक्षा हे बरं.

ब्रिस्बेनबद्दल नवऱ्याला एक गोष्ट माहीत असू द्या. तिथे राय गवत कमी आहे, पण उष्ण प्रदेशातली वेगळी गवतं भरपूर आहेत, त्यांत हरळीही आली, आणि त्यांचा हंगाम उन्हाळाभर रेंगाळतो. तिथल्या हवेतले गवताचे परागकण नव्वदच्या दशकाच्या तुलनेत बरेच वाढल्याचं मोजमापात दिसलं आहे. म्हणजे परागकणांना भिऊन घर विकायचं आणि जिथे ते वाढलेत तिथे जायचं, असा हा बेत होतो. नोकरीसाठी किंवा समुद्रासाठी जायचं असेल तर खुशाल जा.

आणि आईंना सांगा की, सांगलीत राय गवताचा त्रास सुटेल, हे अगदी खरं. पण ॲलर्जीकडे झुकलेलं शरीर सामानाबरोबर विमानात बसतं. इथे गाजर गवत आहे, अमेरिकेतल्या त्या रॅगवीडचंच भावंड. पन्नासच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज रस्त्याची एक कड त्याच्यावाचून नाही. माझे वडील बांधावरचं गाजर गवत उपटून आले की चारचार दिवस त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. शिवाय इथे घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आहेत, पावसाळ्यात भिंतींवर बुरशी आहे. आईंच्या त्या वाक्यात गवताची भीती कमी आणि नातीची आठवण जास्त आहे, असं मला वाटलं. त्याचं उत्तर घर विकून देता येणार नाही. जमलं तर एखाद्या नोव्हेंबरात शाळेतून रजा घेऊन सांगलीला या. नाकही बरं राहील आणि आईही.

सासूबाईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. स्टेरॉइड या शब्दाची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. गल्लीतल्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेतलेली माणसं त्यांनी पाहिली असतील. त्यांना समजावताना वाद घालू नका, फरक दाखवा. नाकातल्या फवाऱ्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि मुख्यतः नाकाच्या अस्तरावरच काम करतं. त्याची चटक लागत नाही. ज्याची सवय लागते तो फवारा वेगळा, चोंदलेलं नाक पाच मिनिटांत मोकळं करणारा. तो मात्र चारपाच दिवसांवर वापरू नये, आणि तिथे सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. काढा प्यायला काहीच हरकत नाही, घशाला बरं वाटतं, फक्त तो औषधाच्या जागी नको. लेकीला उकळत्या पाण्याची वाफ मात्र देऊ नका. मुलं त्यात भाजतात.

फवाऱ्याने काही होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तो कसा आणि कधी घेता, ते बघू. त्याला पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून शिंका सुरू झाल्यावर चार दिवस मारून सोडून दिला तर निराशाच पदरी येते. हंगामाच्या आधी, सप्टेंबरात डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करायचा आणि डिसेंबर संपेपर्यंत रोज घ्यायचा. मान जरा खाली झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, आणि नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. जोरात सुर्रकन ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं आणि कडू लागतं.

यापुढची पायरी म्हणजे जिभेखाली ठेवायच्या गवताच्या परागकणांच्या गोळ्या. शरीराला हळूहळू सवय करून देणारा हा उपचार आहे. तो हंगामाच्या साधारण चार महिने आधी सुरू करतात आणि सलग तीन वर्षं चालवतात. यंदा उशीर झाला, पण पुढच्या वर्षासाठी ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे आत्ताच नाव घाला, तिथे भेट मिळायला वेळ लागतो. पाच वर्षांवरच्या मुलांनाही तो देता येतो, म्हणून लेकीचंही विचारून घ्या. आधी तपासणी होऊ दे. ॲलर्जी नेमकी कशाची, हे कळल्याशिवाय कुठलाच खर्च करू नका.

रोजच्या गोष्टींत मला एकच सांगायची आहे, कारण ती आपल्याच घरांत घडते. चादरी कडक उन्हात वाळवायच्या, हे आपल्या रक्तात आहे. त्या चादरीचा तो वासही किती छान. पण नोव्हेंबरात दिवसभर दोरीवर फडफडलेली चादर म्हणजे परागकणांची चाळणी असते आणि रात्री लेक त्यात तोंड खुपसून झोपते. ऑक्टोबर ते डिसेंबर कपडे घरात वाळवा. शाळेच्या मैदानावरून आल्यावर आंघोळ, केसांवरून पाणी, कपडे बदलणं, एवढं झालं की पुरे. मुलीला नोव्हेंबरभर कोंडून ठेवू नका.

हवेत किती परागकण आहेत, हे 'मेलबर्न पोलन' रोज सांगतं. एक घनमीटर हवेत पन्नासच्या वर म्हणजे जास्त, शंभरच्या वर म्हणजे अती. तो आकडा बघा, पण त्याहून महत्त्वाचा वादळी दम्याचा सरकारी अंदाज. तो १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर रोज निघतो आणि 'विक इमर्जन्सी' ॲपवर येतो. धोका जास्त असा इशारा असेल त्या दिवशी संध्याकाळची फेरी रद्द, खिडक्या बंद, दम्याचा निळा पंप हाताशी.

तो निळा साल्ब्युटामॉल या औषधाचा पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी) तिथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतात. तुम्ही दोघं दिवसभर कामावर असता आणि दुपारी शाळेतून आलेल्या लेकीजवळ सासूबाई एकट्या असतात, असं पत्रात आहे. तेव्हा हे सगळ्यांत आधी त्यांना यायला हवं. पुढच्या रविवारी तिघी बसून करून बघा. ताठ बसवायचं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक दाब, त्यातून चार श्वास. असे चार दाब. मग चार मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा चार. तरीही नाही तर शून्य-शून्य-शून्य या तिथल्या तातडीच्या नंबरवर फोन, आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट न बघता आधी फोन.

इंग्रजीच्या भीतीने त्या फोन करणार नाहीत, याची मला जास्त धास्ती वाटते. 'ॲम्ब्युलन्स' एवढा शब्द त्यांना येतो. त्यापुढे 'मराठी' म्हणायचं, दुभाषा जोडून द्यायची सोय आहे. हे आणि घराचा पूर्ण पत्ता देवनागरीत ठसठशीत लिहून फ्रिजवर लावा. लिहायचं काम लेकीला द्या, तिचं मराठी अक्षरही सुधारेल आणि आजीला वाचून दाखवताना क्रमही तिच्या तोंडपाठ होईल.